संडासाची चावी

बाळ्या रिक्षातून उतरला तेव्हाच कळलं, आज ह्याला चहाआधी ऐकणारा माणूस हवाय. दांडेकर पुलाच्या अलीकडे वहिनींची चहाची टपरी आहे. तिच्या शेजारचं दुकान कित्येक वर्षं बंद आहे, त्याच्या तीन पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. वरच्या पायरीवर अप्पा, कारण गुडघे. मधल्या पायरीवर पम्या, कारण तो सोसायटीचा चेअरमन आहे आणि खाली बसलं की त्याच्या पँटीला धूळ लागते. मी उरलेल्या जागेत.

"साडेपाचचं भाडं होतं स्टेशनचं. रोजचं गिऱ्हाईक," बाळ्या म्हणाला. "गेलं. फोन करून करून दुसऱ्याच्या रिक्षात बसला."

"उठला नाहीस?" पम्या.

"साडेचारला उठलोय. लायनीत होतो."

"कसली लाईन?"

बाळ्यानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अप्पा खोकले. पम्याच्या घरात तीन बेडरूम आणि तीन संडास आहेत, त्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे, पण विचारायला नको होता.

बाळ्याची वस्ती पुलापलीकडे, ओढ्याच्या कडेला. एकशे ऐंशी घरांना मिळून एक इमारत, बायकांचे दहा संडास, पुरुषांचे दहा. मागच्या दिवाळीत बाहेरून रंग दिला. दर्शनी भिंतीवर झाडू घेतलेल्या मुलीचं चित्र आहे, खाली मोठ्या अक्षरांत 'स्वच्छ' लिहिलंय आणि पुढचा शब्द लिहायचा राहूनच गेलाय. आत पुरुषांचे तीन तुंबलेले, बायकांचे दोन संडास महिन्याभरापासून बंद. उरलेल्यांत काहींना कडी नाही. ठेकेदाराचा माणूस येतो, पाण्याचा पाइप फिरवतो, वहीत सही घेतो आणि जातो.

"एक सांगू का," पम्यानं सुरुवात केली. पम्याची सगळी वाईट मतं ह्याच तीन शब्दांनी सुरू होतात. "फुकट आहे म्हणून ही गत आहे. पाच रुपये लावा. स्टँडवर देतोच की आपण निमूट. पैसे दिले की माणूस घाण करत नाही, आणि कोणी केली तर भांडतो."

"स्टँडवर तू वर्षातनं दोनदा जातोस. मला रोज जावं लागतं, राव."

मी दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे आकडा ऐकला की हात शिवशिवतात. वहिनींकडून बिस्किटांच्या पुड्याचा कागद घेतला आणि मांडलं. घरात चार माणसं, दिवसातून एकदाच जायचं असं ठरवलं, ठरवता येत असेल तर, तरी पाच चोक वीस, गुणिले तीस, म्हणजे महिन्याला ६०० रुपये. पोट बिघडलं, म्हातारं माणूस असलं, बाईची पाळी असली की दोनदा-तीनदा. दोनदाचे १,२००. बाळ्याच्या घराचं वीजबिल एवढं येत नाही.

"बरं, मग महिन्याचा पास काढा," पम्या म्हणाला. "घरटी साठ रुपये."

एकशे ऐंशी साठे दहा हजार आठशे. तेही सगळ्यांनी दिले तर. त्यात एका माणसाचा धड पगार निघत नाही, आणि संडासाला माणूस पहाटेही लागतो आणि रात्रीही. शिवाय फिनेल, बल्ब, मोटारीचं बिल. मोटार जळली तर पुढच्या दोन महिन्यांचा गल्ला एका झटक्यात साफ.

"म्हणजे पैसे घेऊनही भागत नाही आणि फुकट ठेवूनही भागत नाही," पम्या म्हणाला. "मग करायचं काय? देवाला सोडायचं?"

इथं मी माझं घोडं पुढं दामटलं. ते असं, की हा प्रश्न पैशाचा कमी आणि चावीचा जास्त आहे.

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. आता तिथं पाच मजली इमारत आहे. वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती आणि परसात विहिरीशेजारी तीन संडास. तीन बिऱ्हाडांत एक, प्रत्येकाला कुलूप. आमच्या संडासाची चावी जिन्याखालच्या खिळ्याला असायची आणि ती हरवू नये, विहिरीत पडली तर तरंगावी, म्हणून तिला तुटलेल्या लाटण्याची मूठ बांधलेली होती. खिळ्यावर लाटणं दिसलं तर जा. नसलं तर कोणीतरी आत आहे, थांब. धुण्याची पाळी वारावर ठरलेली. आमचा सोमवार-गुरुवार. आई पाळी कधी चुकवायची नाही, कारण मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या काकू आधी नाक आत घालायच्या आणि मग आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. तेवढं पुरायचं.

"तेव्हा माणसं वेगळी होती," पम्या म्हणाला.

"माणसं हीच होती. त्याच वाड्यातला जिना नऊ बिऱ्हाडांचा होता, तो कोणी झाडायचं नाही. पानाच्या पिचकाऱ्या असायच्या. संडास मात्र स्वच्छ, कारण तीन घरांत लपायला जागा नसते. एकशे ऐंशी घरांत कोणी घाण केली कसं कळणार?"

मला वाटलं मी मैदान मारलं. अप्पांनी कपातला चहा संपवला, कप पालथा घालून पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "तुझा वाडा छान होता. पण त्याला ड्रेनेज जोडण्याआधी टोपलीचे संडास होते, ते सांग की. मागच्या बोळातून टोपली न्यायला कोण यायचं?"

मी गप्प.

"माझे वडील यायचे. तुझ्याच वाड्यात असं नाही म्हणत, पण त्या पेठांमध्ये. पुढच्या दारानं यायची सोय नव्हती. तेव्हा चावी वगैरे ठीक आहे. पण संडास स्वच्छ राहतो तो कोणीतरी साफ करतं म्हणून राहतो. तो कोण, त्याला किती मिळतं, त्याच्या हातात काय असतं, हे आधी बोला."

अप्पा सफाईच्या खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेत. हातानं मैला उचलायला लावणाऱ्यांविरुद्ध आधी १९९३ चा कायदा आला, मग २०१३ चा. अप्पांची नोकरी ह्या दोन कायद्यांच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. ते कायद्याबद्दल वाईट बोलत नाहीत, फार चांगलंही बोलत नाहीत.

"तुंबतं का, माहितीये?" त्यांनी पम्याला विचारलं. "लोक घाणेरडे असतात म्हणून नाही. भांड्यात पाणी कमी पडतं म्हणून. टाकी भरली नाही की लोक डबाभर पाणी घरून आणतात. डब्यात भागवलं की मैला पुढं सरकत नाही, वळणावर बसतो. त्यात गुटख्याच्या पुड्या, बाटलीची झाकणं. बायका पॅड टाकतात."

"का टाकतात?" मध्येच वहिनी बोलल्या. त्यांचा हात गाळणीवर होता, मान वर नव्हती. "डबा ठेवलाय का कुणी आत? कागदात गुंडाळून हातात धरून सगळ्या लायनीसमोरनं आणू व्हय?"

अप्पा म्हणाले, "तेच म्हणतोय मी, वहिनी. झाकणाचा एक डबा. तो रोज रिकामा करणारा एक माणूस. नाही ठेवला तर महिन्यातनं तीनदा जेटिंगची गाडी, पाण्याच्या जोरानं लाईन मोकळी करणारी. तिचा खर्च दिसत नाही, कारण तो दुसऱ्या खात्यात पडतो."

वहिनींनाही तोच संडास. बाळ्याच्या दोन गल्ल्या पुढं त्यांचं घर. त्या कट्ट्यावरच्या वादात एरवी पडत नाहीत, आज पडल्या. बायकांच्या बाजूला आठ चालू आहेत, त्यातल्या पाचांना आतून कडी नाही. म्हणून एकटीनं जायचं नाही, जोडीनं जायचं. एक आत, दुसरी बाहेरून दार ओढून धरून. रात्री नवऱ्याला उठवायचं, तो बाहेर रस्त्यावर उभा राहणार, आत बल्ब नाही, मोबाइलचा उजेड तोंडात धरायचा. त्यांची पोरगी अकरावीला आहे. तिनं ओढणीचं एक टोक दाराच्या खिळ्याला बांधायची आणि दुसरं मुठीत धरायची युक्ती काढली आहे. संध्याकाळी सातनंतर ती पाणी पीत नाही. उन्हाळ्यात दोनदा लघवीला जळजळ होऊन दवाखाना झाला.

"डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या," वहिनी म्हणाल्या आणि आलं किसायला लागल्या.

ह्यावर कोणाकडेच बोलायला काही नव्हतं. मी परत कागदाकडे वळलो. पम्याची पुतणी समाजकार्याचं शिकते, ती एव्हाना स्कूटर लावून येऊन बसली होती. तिनं सांगितलं की स्वच्छ भारत अभियानाचा नियम पंचवीस बायकांमागे एक आणि पस्तीस पुरुषांमागे एक संडास असा आहे. एकशे ऐंशी घरांत बायका-मुली धरा तीनशे साठ. नियमानं चौदाच्या वर लागतात. बांधलेत दहा, चालू आठ. म्हणजे एकामागे पंचेचाळीस. एकीला चार मिनिटं धरली, आणि दार धरणारीसोबत जागा बदलण्यात जातात ती मिनिटं धरलीच नाहीत, तर १८० मिनिटं. पहिली पाचला गेली तर शेवटची आठला बाहेर. तिला साडेसातला कोथरूडला पोळ्या करायला पोचायचं असतं.

"आमच्याकडे येते ती बाई नेहमी उशिरा येते," पम्या म्हणाला. जरा वेळानं त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यानं पुढची सिगारेट न पेटवता खिशात परत ठेवली.

अप्पांना मग १९९९ आठवलं. हे त्यांचं आवडतं वर्ष. रत्नाकर गायकवाड पुणे महापालिकेचे आयुक्त होते. त्याआधी वस्त्यांमध्ये संडास बांधायचे म्हणजे टेंडर काढायचं, ठेकेदारानं भिंती उभ्या करून निघून जायचं. त्या वेळी उलटं केलं. बांधकामाचा पैसा, पाणी आणि वीज महापालिकेची, पण आराखडा, बांधणी आणि नंतरचं चालवणं स्वयंसेवी संस्थांनी वस्तीला बरोबर घेऊन करायचं. दोन-अडीच वर्षांत चारशेवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या ११४ 'स्पार्क' ही संस्था, 'महिला मिलन' हे वस्त्यांतल्या बायकांचे गट आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ ह्यांनी मिळून केल्या.

"बायका ठेकेदार!" अप्पा अजूनही त्याचं कौतुक करतात. "कालपर्यंत लायनीत उभ्या असलेल्या बायका सिमेंटच्या गोण्या मोजून घेत होत्या. दर आठवड्याला बैठक. कुठं अडलं, कोणाच्या टेबलावर अडलं, तिथंच विचारणार. आम्हाला घाम फुटायचा."

त्या इमारतींमधल्या बारीकसारीक गोष्टी अप्पा बोटांवर मोजून सांगतात, आणि खरं तर मला त्यातच सगळं शहाणपण दिसतं. बायका आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या. दार दोन्ही बाजूंना उघडणारं, म्हणजे हातात बादली असली तरी ढकलून आत जाता येतं. पोरांचे संडास वेगळे. पोर मोठ्या भांड्यावर बसायला घाबरतं, आत पडू असं त्याला वाटतं, आणि रांगेत मोठी माणसं त्याला मागं लोटतात, मग ते गटाराच्या कडेला बसतं. म्हणून छोटं भांडं, उथळ, समोर धरायला दांडी. आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला वर खोली. पगार थोडा, पण डोक्यावर छप्पर. जो माणूस संडासाच्या डोक्यावर राहतो त्याला वास पहिल्यांदा येतो. घरटी महिन्याला पास होता वीस रुपयांचा.

"मग आज का नाही दिसत तसं?" पम्यानं विचारलं. ह्या वेळी खवचटपणा नव्हता.

"साहेब बदलून गेले. बैठका थांबल्या. काही ठिकाणी अजून नीट चाललंय, जिथं बायका खमक्या आहेत तिथं. बाकी ठिकाणी खोलीत भलताच कोणी राहायला आला. वीस रुपयांचे कोणी तीस करू देईना. आणि मोठी दुरुस्ती निघाली, टाकीचा स्लॅब गेला, लाईन खचली, की ती कोणाची? वस्ती म्हणणार तुमची, ऑफिस म्हणणार तुमची. फिनेल वर्गणीतून येतं रे, स्लॅब येत नाही."

पुतणीनं इथं मोबाइल काढला. लखनौ आणि कानपूरमधल्या ११० वस्त्यांत झालेल्या एका अभ्यासाबद्दल तिला वर्गात शिकवलं होतं. तिथल्या पैसे देऊन वापरायच्या संडासांना दुरुस्तीसाठी मदत दिली आणि मग राखणदाराला स्वच्छ ठेवल्याबद्दल वर बक्षिसी दिली. संडास सुधारले. फुकट घुसणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं.

"घ्या!" पम्यानं मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो?"

"काका, पुढं ऐका. काही माणसं यायचीच बंद झाली. राखणदार पैसे घेतल्याशिवाय सोडेना, म्हणून ती उघड्यावर जायला लागली. म्हणजे ज्यांच्यासाठी संडास बांधले, त्यांतलेच काही बाहेर. आणि उघड्यावरचा मैला तर पैसे देणाऱ्यांच्याही पाण्यात जातो."

पम्याची थाप हवेतच राहिली.

"कोण बंद होणार ते मी सांगते," वहिनी म्हणाल्या. "पहिली म्हातारी माणसं. सून पाच रुपये हातावर ठेवत नाही, ठेवले तरी दहादा मागायची लाज. मग पोरं. पोरांना कोण पैसे देतंय, जा रे ओढ्याला. मग बाया. गडी पहिल्यापासून कुठंबी जातोय, त्याला काय."

अकरा शब्दांत न मावणारं शीर्षक असलेले शोधनिबंध मी हिशेबाच्या कामात पाहिलेले नाहीत, पण त्यांचा सारांश आलं किसता किसता सांगितलेला प्रथमच ऐकला.

पुतणी म्हणाली की अजून एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जगभरचा संडासांचा जो हिशेब ठेवतात, त्यात दुसऱ्या घरांबरोबर वाटून घेतलेला संडास कितीही चकचकीत असला तरी 'मूलभूत' सोयीत धरत नाहीत, 'मर्यादित' ह्या खान्यात टाकतात. म्हणजे खरं उत्तर घरटी संडास.

"ते तर मी कधीपासनं म्हणतोय," बाळ्या म्हणाला. "पण जागा दाखव."

बाळ्याचं घर दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, तिथंच भांडी, तिथंच आंघोळ. घरगुती संडासाला सरकारकडून अनुदान मिळतं हे त्याला माहीत आहे. पुण्यात 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था 'एक घर एक शौचालय' करते, आधी वस्तीचा घर न् घर नकाशा काढते, मग ज्यांच्या दारापर्यंत ड्रेनेज पोचतं त्यांना सामान देते, मजुरी घरानं करायची. बाळ्याच्या मामेभावाच्या वस्तीत असे झालेत आणि मामेभावाची बायको आता माहेरी गेली तरी मुक्काम करत नाही, इतकी तिला त्या अडीच फुटी खोलीची सवय झाली आहे. पण बाळ्याची गल्ली ओढ्याच्या बाजूला उतरते. मुख्य लाईन वर, घरं खाली. मैला चढावर कसा जाणार? २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा त्याच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं होतं. तिथं संडास बसवला तर काय वर येईल ते सांगायला इंजिनियर नको. आणि गल्लीतली निम्मी घरं भाड्यानं. भाडेकरू स्वतःच्या खर्चानं बांधणार नाही, आणि मालकानं बांधला तर भाडं वाढवणार.

"झोपडपट्टी पुनर्वसन होईल की, एसआरए," पम्या म्हणाला. "सगळ्यांना फ्लॅट."

"होईल. तोपर्यंत धरून ठेवू का?"

एवढ्या जोरात हसायची खरं तर गरज नव्हती. समोरच्या पंक्चरवाल्यानंही मान वर करून बघितलं.

अप्पांनी मग कोरोनाचं काढलं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये भवानी पेठेत रुग्ण वाढत होते, सगळीकडे भोंगे फिरत होते, घरात थांबा, घरात थांबा. "ज्याचा संडास घराबाहेर आहे त्यानं घरात कसं थांबायचं, हे भोंग्यात नव्हतं," अप्पा म्हणाले. त्या वेळी मात्र सामायिक संडास दिवसातून अनेकदा धुतले जायचे, औषध मारलं जायचं. म्हणजे जमतं. भीती आपल्यापर्यंत पोचली की जमतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या नसांच्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हा पम्याच्या सोसायटीनं दोन दिवसांत टँकरच्या पाण्याची तपासणी करून घेतली होती, ते त्यानंच आम्हाला अभिमानानं सांगितलं होतं.

अंधार पडत आला तसं बाळ्यानं मनातलं बाहेर काढलं. मला वाटतं, तो आलाच होता ते सांगायला.

"आमच्या गल्लीतली आठ घरं मिळून ठरवलंय. बायकांचे दोन बंद आहेत ना, ते आम्ही दुरुस्त करतो. भांडं, पाइप, सगळं आमच्या खर्चानं. पुरुषांचा पण एक. आणि कुलूप लावतो. आठ घरांत आठ चाव्या. धुवायची पाळी आमची." माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्याच्या वाड्यासारखं."

मला आनंद व्हायला हवा होता. माझंच तर म्हणणं होतं ते. जितकी कमी घरं तितका स्वच्छ संडास, हे मी अजूनही म्हणतो. पण वहिनींनी गॅस बारीक केला.

"भाऊजी, आणि आम्ही?"

"तुम्ही पण या की त्यात. नऊ घरं."

"मी येईन. माझ्या पलीकडची? ती म्हणंल मला का नाही? आज आठ जणी आठ संडासांपुढं भांडतो, पण भांडतो तरी सगळ्या मिळून. तुमच्या घरच्या बाया कुलपात गेल्या, की वॉर्डात जाऊन ओरडणार कोण? तुमची बायकोच तर सगळ्यात मोठ्यानं ओरडती."

हे खरं आहे. बाळ्याची बायको रांगेत उभी राहिली की ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या बाजूनं जातो. तिला चावी मिळाली तर ती गप्प बसेल, आणि ती गप्प बसली की उरलेल्या आठांची काय अवस्था होईल ते आम्ही सगळे जाणून होतो. माझ्या वाड्याच्या गोष्टीत ही बाजू नव्हती. नऊ बिऱ्हाडांना तीन संडास पुरून उरत होते, बाहेर कोणी उभंच नव्हतं. होतं ते मागच्या बोळात.

"कायद्यातही बसत नाही," अप्पा म्हणाले. "सरकारी संडासाला खासगी कुलूप. कोणी तक्रार केली तर तोडून टाकतील."

"मोडक्या संडासाची तक्रार केली तर कोणी येत नाही, कुलपाची केली तर येतील?"

"येतील. कुलूप तोडायला दहा मिनिटं लागतात."

बाळ्या चिडला. आठ घरांनी पैसे गोळा केलेत, दीड-दोन हजार घरटी, कोणी भिशीतले काढलेत. सगळ्या वस्तीचं भलं होईपर्यंत थांबायचं तर त्याची पोरगी लग्न करून जाईल. त्याचंही चूक नव्हतं. पम्या, जो तासाभरापूर्वी फुकट्यांना शिव्या देत होता, तो आता म्हणाला की सगळे दहाही दुरुस्त करा, पासचे पैसे ज्यांना जमेल त्यांनी द्यावेत, म्हातारी आणि पोरं फुकट, आणि राखणदाराचा पगार वॉर्डातून मिळवावा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली तेव्हा कितीतरी काळ दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता, ह्याची अप्पांनी त्याला आठवण करून दिली. पुतणी लिहून घेत होती. मी कागदावर राखणदार जोडप्याचा पगार, पास, सूट असं मांडून बघितलं, दर महिन्याला खड्डा पडतच होता. तो खड्डा कोणीतरी बाहेरून भरायचा, हे धरल्याशिवाय गणित सुटत नाही. पम्याच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याच्या दिव्यांचं बिल कोण भरतं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "विषय बदलू नको."

शेवटी बाळ्या रिक्षा घेऊन गेला, हार्डवेअरचं दुकान बंद व्हायच्या आत. भांडं आणि पाइप सोमवारी मिस्त्री सांगेल तसे, निदान कड्या तरी आणतो म्हणाला. पम्यानं पाचशेची नोट काढून त्याच्या खिशात कोंबली आणि वर पावती आण असंही सांगितलं. चेअरमनपणा अंगात मुरलाय.

पंधरा मिनिटांनी वहिनींचा फोन वाजला. हात पिठाचे होते, भज्यांचं चाललं होतं, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"वहिनी, दुकानदार विचारतोय, अल्ड्रॉप देऊ का टॉवर बोल्ट? अल्ड्रॉपला बाहेरून कुलूप लागतं."

"आणि दुसऱ्याला?"

"ते नुसतं आतनं लावायचं."

"आतनं लावायचं आणा."

बाळ्या जरा वेळ बोलला नाही. मागं दुकानदाराचा आवाज येत होता, शटर ओढतोय, लवकर सांगा.

"किती, दोन?"

"दोन कशाला? पाच न्हाईत ना चालूतले. आणि ते दोन. सात आणा. स्क्रू मोठे घ्या, दारं कुजल्यात."